भविष्यातली अकॉस्टिक गिटार कशी असेल? टचस्क्रीनपेक्षा लाकडाचा प्रश्न मोठा का आहे?

भविष्यातली गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अंगावर टचस्क्रीन, आपोआप सुरात लागणाऱ्या तारा, फोनला जोडलेलं ॲप आणि एका बोटावर बदलणारे इफेक्ट. यातल्या बऱ्याच गोष्टी आज बाजारात मिळतात. स्क्रीन असलेल्या गिटारचे रील्स तुमच्याही फीडवर येऊन गेले असतील.

पण गिटार बनवणाऱ्यांसमोरचे खरे प्रश्न वेगळे आहेत. ज्या झाडांपासून दीडशे वर्षं गिटार बनत आली, ती झाडं कमी होत चालली आहेत. त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली आहेत. हवेतल्या दमटपणामुळे गिटार बिघडते. आणि महागडी इलेक्ट्रॉनिक्स बसवलेली गिटार दहा वर्षांनी दुरुस्त होईल का, हेही कुणी ठामपणे सांगत नाही.

म्हणून भविष्यातल्या अकॉस्टिक गिटारमध्ये कोणते बदल होऊ शकतात आणि त्यातले कोणते खरंच गरजेचे आहेत, हे समजून घेऊया.

अकॉस्टिक गिटार वाजते तरी कशी?

नुसती तार छेडली तर तिचा आवाज फार लहान असतो. तार इतकी बारीक असते की ती आजूबाजूची हवा फारशी हलवू शकत नाही. तारेची थरथर ब्रिजमधून गिटारच्या वरच्या फळीत उतरते. या फळीला टॉप म्हणतात. टॉप थरथरला की त्याच्यासोबत बरीच हवा हलते, पोटातली हवा साउंडहोलमधून आतबाहेर होते आणि आवाज मोठा होतो.

म्हणजे टॉप जितका पातळ आणि हलका, तितका तो मोकळेपणाने थरथरतो. पण इथेच खरी अडचण आहे. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ८० किलो असतो, म्हणजे एक प्रौढ माणूस लटकल्यासारखा. हा ताण जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची फळी वर्षानुवर्षं सोसते. तिला आधार म्हणून आतून लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात.

हलकं पण मजबूत, अशा या तारेवरच्या कसरतीसाठी स्प्रूस हे लाकूड सगळ्यात चांगलं ठरलं. बाजू आणि पाठीसाठी रोझवूड किंवा महोगनी, आणि बोटं जिथे फिरतात त्या फिंगरबोर्डसाठी एबनी किंवा रोझवूड. चांगल्या गिटारची ही ठरलेली कृती झाली. आणि तीच आता अडचणीत आली आहे.

लाकडाचं नेमकं काय बिनसलं?

गिटारच्या दुनियेत सगळ्यात मान मिळाला तो ब्राझिलियन रोझवूडला. मागणी इतकी वाढली की १९९२ मध्ये या झाडाचा समावेश साइट्स करारातल्या सगळ्यात कडक यादीत झाला. धोक्यात आलेल्या प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा हा आंतरराष्ट्रीय करार आहे. ब्राझिलियन रोझवूडचा व्यापार त्यानंतर जवळपास थांबला.

गिटार कंपन्या तर त्याआधीच मोठ्या प्रमाणावर भारतीय रोझवूडकडे वळल्या होत्या. हे झाड आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे त्याला शिसव म्हणतात. जुन्या घरांमधली शिसवी कपाटं आणि पलंग आठवत असतील, तर तेच हे लाकूड. सह्याद्रीच्या जंगलांतही ही झाडं आहेत. शिसवाची ही जातही आज जागतिक पातळीवर ‘असुरक्षित’ गटात मोडते.

२ जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या जवळपास सगळ्याच जाती साइट्सच्या दुसऱ्या यादीत आल्या. यामागचं मोठं कारण म्हणजे फर्निचरसाठी होणारी प्रचंड तोड. पण फटका गिटारलाही बसला. तयार गिटार परदेशात विकायची तर कागदपत्रं लागू लागली. काही कंपन्यांनी तर फिंगरबोर्डचं लाकूडच बदललं. वाद्यनिर्माते आणि वादकांनी पाठपुरावा केल्यावर, नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना यातून सूट मिळाली. कच्च्या लाकडावरचं बंधन मात्र कायम आहे.

याआधी २००९ आणि २०११ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर छापे टाकले होते. दुसऱ्या छाप्यात प्रश्न भारतातून आलेल्या लाकडाचा होता. २०१२ मध्ये मादागास्करच्या एबनी प्रकरणात कंपनीने ३ लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली. लाकूड कुठून आलं, हे न विचारता गिटार बनवण्याचे दिवस संपले, हे तेव्हाच सगळ्या उद्योगाला कळून चुकलं.

पण महागड्या लाकडाने आवाज खरंच सुधारतो का?

इथे गोष्ट रंजक होते. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्याने घडवला, त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये एक अजब गिटार बनवली. टॉप नेहमीसारखा लाकडी, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! आवाजाचं मोठं काम टॉप करतो, हे त्याला दाखवायचं होतं. ही गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या टेलर कंपनीचे संस्थापक बॉब टेलर यांनी असाच एक खेळ केला. माल वाहून नेण्याच्या टाकाऊ पॅलेटचं लाकूड घेऊन त्यांनी गिटार बनवली. लाकूड भंगारातलं होतं, पण हात तरबेज होते, त्यामुळे गिटार छान वाजली. ‘पॅलेट गिटार’ म्हणून ती आजही प्रसिद्ध आहे.

यावर नीट शास्त्रीय चाचणीही झाली. २०१८ मध्ये ब्रिटनच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका नामांकित गिटारनिर्मात्याकडून सहा गिटार बनवून घेतल्या. रचना एकच, टॉप एकाच प्रकारचा, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सॅपेली आणि अक्रोड. ५२ गिटारवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचा गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. लाकूड दिसू नये म्हणून ही सगळी व्यवस्था.

निकाल काय लागला? आवाजाच्या दर्जाला वादकांनी दिलेल्या गुणांमध्ये फारसा फरक नव्हता. दुर्मीळ ब्राझिलियन रोझवूड आणि त्याच्या मानाने साधी लाकडं जवळपास एकाच पातळीवर आली.

याचा अर्थ लाकडाला काहीच महत्त्व नाही, असा नाही. टॉपचं लाकूड, त्याची जाडी आणि आतल्या पट्ट्यांची मांडणी यांनी आवाजात मोठा फरक पडतो. पण पाठीवर दुर्मीळ झाडाचं लाकूड लावलं म्हणून गिटार गोड वाजते, या समजुतीला फारसा आधार उरत नाही. आणि मग ते झाड तोडायचंच कशाला, हा प्रश्न उरतो.

मग पुढची गिटार कशाची असेल?

यावर सध्या चार वाटा दिसतात.

पहिली वाट, शहरातली झाडं. रस्त्याकडेची झाडं म्हातारी झाली किंवा धोकादायक झाली की पालिका ती काढते. बहुतेक वेळा त्यांचा भुगा किंवा सरपण होतं. टेलर कंपनीने २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या शहरांतून अशाच काढलेल्या ॲशच्या लाकडापासून गिटार बाजारात आणली. यासाठी जंगलात जाण्याची गरजच पडली नाही.

दुसरी वाट, लाकडाचा ‘डाग’ स्वीकारण्याची. एबनी म्हटलं की काळंकुळकुळीत लाकूड हवं, असा गिटारच्या बाजाराचा हट्ट होता. २०११ मध्ये टेलर आणि स्पेनच्या एका कंपनीने मिळून कॅमेरूनमधली एबनीची गिरणी घेतली. तेव्हा कळलं की पूर्ण काळं लाकूड मिळेपर्यंत तोडणारे झाडामागून झाड पाडत जातात. आत तपकिरी किंवा करड्या रेषा निघाल्या की ते झाड जंगलातच सोडून दिलं जायचं. वाजवायला दोन्ही लाकडं सारखीच. म्हणून कंपनीने रेषा असलेलं एबनीही वापरायला सुरुवात केली. इथे तंत्रज्ञान बदललं नाही, फक्त गिऱ्हाइकाची नजर बदलावी लागली.

तिसरी वाट, कार्बन फायबर. याची पूर्वतयारी १९६६ मध्येच झाली होती. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कमान यांनी ओव्हेशन गिटार आणली. तिचा टॉप लाकडी, पण पाठ मात्र कृत्रिम साहित्याची आणि गोलसर वाडग्यासारखी होती. पुढे हवाईमध्ये सुरू झालेल्या रेनसाँगसारख्या कंपन्यांनी टॉपसकट पूर्ण गिटार कार्बन फायबरची केली. ही गिटार हवेतला ओलावा शोषत नाही, सहसा तडकत नाही, वजनालाही हलकी असते. पण तिचेही तोटे आहेत. चांगली कार्बन गिटार स्वस्त नसते, काहींना तिच्या आवाजात लाकडाची ऊब जाणवत नाही, आणि मोडल्यावर या साहित्याचा पुनर्वापर करणं अवघड असतं.

चौथी वाट, वनस्पतींचे तंतू. अमेरिकेतल्या ब्लॅकबर्ड कंपनीने फ्लॅक्सचे तंतू आणि रेझिन यांच्या मिश्रणातून गिटार बनवल्या आहेत. फ्लॅक्स म्हणजे जवस. विदर्भात ज्याची चटणी होते, तेच. बियांसाठीचे आणि तंतूंसाठीचे वाण वेगळे, पण वनस्पती एकच. स्प्रूसच्या झाडाला गिटारच्या टॉपइतकं रुंद व्हायला कैक दशकं, बऱ्याचदा शतकं लागतात. जवसाचं पीक मात्र काही महिन्यांत हाती येतं.

पावसाळ्यात गिटार का बिघडते?

मुंबई, कोकण किंवा गोव्यात गिटार वाजवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. जून-जुलै आला की तारा उंच वाटायला लागतात, बोटं दुखतात, सूर टिकत नाही.

कारण सोपं आहे. लाकूड हवेतला ओलावा शोषून घेतं आणि फुगतं. गंमत म्हणजे ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने मात्र वाढतं. टॉप चारही बाजूंनी चिकटवलेला असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते, मग तो वर उचलला जातो. त्यासोबत ब्रिज वर येतो आणि तारा फिंगरबोर्डपासून लांब जातात.

कोरड्या हवेत नेमकं उलटं होतं. विदर्भातला उन्हाळा किंवा चोवीस तास एसी चालू असलेली खोली, दोन्ही ठिकाणी लाकूड आकसतं. टॉप खाली बसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर लाकूड तडकतं. गिटार कंपन्या साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवायला सांगतात. किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते.

यावर एक उपाय म्हणजे टॉरिफिकेशन. लाकूड कमी ऑक्सिजनच्या भट्टीत नियंत्रित तापमानाला भाजतात. त्यामुळे ते जुन्या, मुरलेल्या लाकडासारखं होतं आणि ओलाव्याला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही. दुसरा उपाय थरांचं म्हणजे लॅमिनेट लाकूड. यात थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे फुगणं कमी होतं, पण टॉपला असं लाकूड वापरलं तर आवाज थोडा दबतो.

समशीतोष्ण देशांत बनणारी गिटार दमट देशांत विकली जाते. त्यामुळे हवामान सहन करणं, हे भविष्यातल्या गिटारचं चैनीचं नाही, अगदी प्राथमिक वैशिष्ट्य असायला हवं.

गिटार दुरुस्त व्हायला हवी

तारांचा ताण नेकला सतत पुढे ओढत असतो. यासाठी नेकच्या आत लोखंडी सळई बसवून ती स्क्रूने कमी-जास्त ताणायची सोय गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात आणली. ही ट्रस रॉड आज साध्या गिटारमध्येही असते. पण १८३३ पासून गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने अशी फिरवता येणारी ट्रस रॉड स्वीकारली ती १९८५ मध्ये! गिटारच्या दुनियेत चांगली कल्पनाही किती सावकाश रुजते, याचं हे उत्तम उदाहरण.

ट्रस रॉडने नेकचा बाक सुधारतो, पण काही दशकांनी नेक आणि पोटाच्या जोडाचा कोनच बदलतो. जुन्या पद्धतीत हा जोड डिंकाने चिकटवलेला असतो. तो वाफेने सोडवून, तासून पुन्हा बसवायचा म्हणजे मोठं आणि खर्चिक काम. १९९९ मध्ये टेलरने बोल्टने बसणाऱ्या नेकची नवी रचना आणली. बोल्ट सोडवायचे, आतली पातळ चकती बदलायची आणि नेक परत बसवायचा, एवढंच काम.

दिसायला हा बदल अजिबात चमकदार नाही. त्यावर रील बनणार नाही. पण गिटार तीस वर्षांऐवजी साठ वर्षं टिकली तर तेवढं लाकूड वाचतं, हा हिशोब साधा आहे.

प्लग न लावता इफेक्ट

आता इलेक्ट्रॉनिक्सकडे वळूया. यातली सगळ्यात कल्पक गोष्ट म्हणजे यामाहाची २०१६ मध्ये आलेली ट्रान्सअकॉस्टिक गिटार. तिच्या आत एक छोटं कंपन यंत्र बसवलेलं असतं. तारांची थरथर टिपून त्यावर रिव्हर्ब किंवा कोरस चढवायचा आणि ते कंपन परत गिटारच्या लाकडात सोडायचं. स्पीकर नाही, वायर नाही, तरी लहान खोलीत वाजवलेली गिटार मोठ्या सभागृहात वाजल्यासारखी घुमते. गिटारचं पोटच इथे स्पीकर होतं. जुन्या गिटारच्या पाठीवर चुंबकाने चिकटवता येतील, अशी यंत्रंही मिळतात.

पण सगळेच प्रयोग असे जमले नाहीत. गिब्सनने २०१५ मध्ये आपल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारवर आपोआप सूर लावणाऱ्या मोटरच्या खुंट्या बसवल्या. वादकांना त्या रुचल्या नाहीत. पुढच्याच वर्षी साध्या खुंट्यांची मॉडेल परत आणावी लागली.

मोठा प्रश्न आयुष्याचा आहे. चांगली गिटार पन्नास वर्षं वाजते आणि मुरत जाते. पण तिच्यातली बॅटरी, स्क्रीन आणि सॉफ्टवेअर? पाच-सात वर्षांनी अपडेट थांबले की काय करायचं? गिटारच्या पोटात कायमची बसवलेली यंत्रणा बिघडली, तर चांगलं लाकूडही सोबत वाया जाऊ शकतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स असावं, पण काढता-घालता येणारं. ते नसतानाही गिटार पूर्ण वाजायला हवी.

फ्रेट सरकवता आले तर?

गिटारच्या फ्रेट पक्क्या ठोकलेल्या असतात. त्यांची मांडणी एका सप्तकाचे बारा समान भाग करून झालेली आहे. या पद्धतीत शुद्ध गंधार, तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर तयार कानाला हा फरक चटकन कळतो. हार्मोनियमवर हाच आक्षेप घेतला जातो, आणि म्हणूनच ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम तयार केली.

तुर्कस्तानचे गिटारवादक तोल्गाहान चोउलू यांनी २००८ मध्ये अशी गिटार तयार केली, जिच्यात प्रत्येक तारेखालची फ्रेट स्वतंत्रपणे सरकवता येते. तुर्की संगीतातले सूक्ष्म स्वर वाजवता यावेत, हा त्यामागचा हेतू. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या गुथमन वाद्यनिर्मिती स्पर्धेत या गिटारला पहिलं बक्षीस मिळालं.

आपल्याला ही कल्पना फार नवी वाटणार नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागाप्रमाणे सरकवता येतात. भारतीय वादकांनी गिटारमध्ये वेगळा मार्ग काढला. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी तारांवर सळई सरकवून गिटारवर राग वाजवले. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला चिकारी आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. गिटारमध्ये बदल करायचा तर फक्त पाश्चात्त्य कंपन्यांकडेच बघायला हवं असं नाही, हे यातून दिसतं.

मग आज गिटार घेताना काय बघाल?

भविष्यातली गिटार एका रात्रीत येणार नाही. पण ती कोणत्या दिशेला जाईल, हे गिऱ्हाईक काय मागतं त्यावरही ठरतं. दुकानात किंवा ऑनलाइन गिटार बघताना पुढचे प्रश्न नक्की विचारा:

• टॉप अखंड लाकडाचा आहे की लॅमिनेट? पैसे मोजायचे असतील तर आधी इथे मोजा.
• पाठ आणि बाजूंसाठी दुर्मीळ लाकडाचे जास्त पैसे मागत असतील, तर लँकेस्टरची चाचणी आठवा. आधी डोळे मिटून दोन-तीन गिटार ऐका.
• फिंगरबोर्डवर तपकिरी रेषा आहेत म्हणून गिटार नाकारू नका. तो दोष नाही.
• ट्रस रॉड आहे का आणि ती फिरवायची किल्ली सोबत मिळते का?
• आत इलेक्ट्रॉनिक्स असेल तर बॅटरी बदलता येते का? ते बंद पडलं तरी गिटार वाजेल का?
• किनारपट्टीवर राहत असाल तर केसमध्ये ठेवायला छोटा आर्द्रता मापक आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या घ्या. गिटार भिंतीवर टांगण्यापेक्षा पावसाळ्यात बंद केसमध्ये बरी.

तोरेसने कागदाच्या लगद्याची गिटार बनवून दाखवली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. दुर्मीळ झाडाशिवाय चांगली गिटार बनू शकते, हे तेव्हापासून माहीत आहे. आता ते बाजारात विकत घेणाऱ्यांनाही पटायला हवं.